फॉर्म ७००

मामाच्या स्कूटरच्या डिकीत एक वही असते. शंभर पानी, पुठ्ठ्याची, कोपरे तेलकट बोटांनी काळे पडलेले. वर बॉलपेनने गिरवून लिहिलंय : 'एफ ७००'. आत प्रत्येक ओळीला तारीख, केलेलं काम आणि सही. प्लग साफ केला. पुढचं चाक मागे, मागचं पुढे. गिअर केबलला ग्रीस. डोंबिवली पूर्वेच्या त्या सोसायटीत पार्किंगवरून आठवड्याला एक तरी भांडण ठरलेलं. पण मामाच्या बजाज चेतकच्या वाटेला कोणी जात नाही. ती एक इंच सरकवली तरी मामा खाली येऊन विचारतो, कोणी हलवली आणि कशासाठी.

मामा हवाई दलात इंजिन फिटर होता. तांबरमला शिकला, वीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली बहुतेक मिग-२१च्या खाली काढली. 'खाली' हा शब्द त्याचाच. वैमानिक विमानात असतो, आम्ही विमानाखाली, असं तो म्हणतो. बाहेर पडून त्याला तीस वर्षं झाली, पण नोंद करायची सवय सुटली नाही.

हवाई दलातल्या प्रत्येक विमानाला स्वतःची नोंदवही असते, तिचं नाव फॉर्म ७००. विमान किती तास उडालं, कोणता भाग कधी बसवला, काय बिघडलं, कोणी दुरुस्त केलं आणि ती दुरुस्ती कोणी तपासली, हे सगळं तिच्यात. उड्डाणाआधी इंजिनवाला, एअरफ्रेमवाला, इलेक्ट्रिकलवाला, शस्त्रं लावणारा, ज्याने त्याने आपापल्या कामापुढे सही करायची. सगळ्यात शेवटी वैमानिक सही करतो आणि शिडी चढतो. विमान उडण्याजोगं असेल तर ते 'सर्व्हिसेबल'. नसेल तर 'अनसर्व्हिसेबल', आणि हँगरच्या बोलीत नुसतं 'यू-एस'.

"सगळ्यात अवघड सही कोणती, मामा?" मी एकदा विचारलं होतं.

"यू-एसची," तो म्हणाला. "बाहेर वैमानिक ताटकळत उभा असतो, वरचा साहेब दर पाच मिनिटांनी फोन करतो, आणि तुला लिहायचं असतं, उडणार नाही."

म्हाताऱ्या होत चाललेल्या लढाऊ विमानांना उडतं ठेवणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला मी निघालो तेव्हा मला रडार आणि क्षेपणास्त्रांबद्दल वाचावं लागेल असं वाटलं होतं. वाचलंही. पण वाट पुनःपुन्हा त्या वहीपाशीच येत राहिली.

दोन चेतक

बजाजने चेतक १९७२ साली आणली. मूळ वेस्पा इटलीची. इथे तिला राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव मिळालं. त्याच घोड्याच्या नावाचं आणखी एक यंत्र या देशात आहे, चेतक हेलिकॉप्टर. त्याचं मूळ फ्रेंच, अलुएत. परवाना घेऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्सने, म्हणजे एचएएलने, ते १९६०च्या दशकात बंगळुरात बांधायला घेतलं. दोन्ही चेतक परदेशी आराखड्यावर देशात घडलेले, दोन्ही दणकट आणि दोन्ही दुरुस्तीला सोपे. फरक एवढाच की बजाजने पेट्रोलची चेतक कधीच बंद केली, तेच नाव आता विजेच्या स्कूटरला दिलं. हेलिकॉप्टर मात्र अजून उडतंय.

मामाच्या चेतकचं इंजिन ठणठणीत आहे. डाव्या बाजूला कलती करून दोन किका मारल्या की धूर सोडत चालू होते. तरी गेल्या दोन-तीन वर्षांत ती महिनोन् महिने उभीच असते. कल्याणला स्टेशनजवळ एक दुकानदार होता, त्याच्याकडे चेतकची तार न् तार मिळायची. तो थकला, दुकान मुलाकडे गेलं आणि मुलाने तिथे मोबाइलची कव्हरं लावली. मग मामाने भिवंडीत भंगारातून एक आख्खी चेतक उचलली, फक्त सुट्या भागांसाठी. ती सोसायटीच्या मागच्या भिंतीला टेकलेली आहे. दर वेळी तिच्यातून काही तरी निघतं. आता तिच्यात काढण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

"यंत्र लवकर मरत नाही," मामा म्हणतो. "त्याचा गोतावळा आधी मरतो."

भंगारातली ती स्कूटर म्हणजे विमानदलांच्या भाषेतलं 'कॅनिबलायझेशन'. मराठीत सांगायचं तर आपल्याच जातीचं खाणं. उभ्या विमानाचा भाग काढून उडत्या विमानाला बसवायचा. हे जगातलं प्रत्येक हवाई दल करतं आणि कोणालाही ते आवडत नाही, कारण काम दुप्पट होतं. एकाचा भाग काढायचा, दुसऱ्याला बसवायचा, दोन्ही वह्यांत नोंदवायचा. शिवाय काढताना शेजारची नळी दुखावली तर तिसरीच भानगड.

ओझर

ठाण्यात माजिवड्याहून जो रस्ता नाशिकला निघतो त्याला जुने लोक अजून आग्रा रोड म्हणतात. भिवंडीचा बायपास, कसारा घाट, इगतपुरी, नाशिक असं करत तो निफाड तालुक्यातल्या ओझरला पोचतो. आजूबाजूला द्राक्षांचे मांडव आणि मध्येच लांबच लांब कुंपण. आपल्याकडच्या कितीतरी इंजिनिअरांच्या आणि आयटीआय झालेल्या पोरांच्या बायोडेटात या कुंपणाच्या आतली वर्षं आहेत.

ओझरचा कारखाना चीनच्या युद्धातून जन्मला. नोव्हेंबर १९६२मध्ये यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पुढच्या वर्षी नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर निवडून आले. सोव्हिएत संघाकडून मिग-२१ घ्यायचं आणि ते इथेच बांधायचं असं ठरलेलं होतं. कारखाना तीन ठिकाणी वाटला गेला : सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. १९६३ साली चंदीगडला २८व्या स्क्वाड्रनमध्ये पहिली मिग-२१ दाखल झाली. ध्वनीपेक्षा वेगाने उडणारं हवाई दलाचं हे पहिलं लढाऊ विमान. पुढल्या काही दशकांत हवाई दलाने सगळ्या प्रकारच्या मिळून ८७०च्या वर मिग-२१ वापरली. त्यातली सहाशेहून अधिक ओझरची.

सहाशे विमानं बांधणं ही मोठीच गोष्ट. पण बांधलेलं विमान दर काही वर्षांनी माहेरी येतं. ठरलेले तास उडून झाले, किंवा न उडताही ठरलेली वर्षं झाली, की ओव्हरहॉल. कारखान्याच्या शेजारीच हवाई दलाचा स्वतःचा दुरुस्ती तळ आहे, ११ बेस रिपेअर डेपो. लढाऊ विमानांसाठी हवाई दलाचा हा एकमेव तळ. इथे मिग-२९ उघडली-जोडली गेली आणि २०१८ साली ओव्हरहॉल केलेलं पहिलं सुखोई-३० इथून बाहेर पडलं. मार्च २०२४मध्ये या तळाला राष्ट्रपतींचं निशाण मिळालं. लढणाऱ्या तुकड्यांना मिळणारा हा मान दुरुस्ती करणाऱ्यांनाही मिळाला, ही बातमी मामाने कापून वहीत चिकटवून ठेवलेली आहे.

ओव्हरहॉल म्हणजे विमानाची हाडं मोकळी करणं. इंजिन बाहेर, पंख बाहेर, चाकं, टाक्या, नळ्या, आसन, सगळं बाहेर. प्रत्येक भागाला चिठ्ठी. मग भेगांचा शोध. डोळ्याला न दिसणारी भेग शोधायची एक जुनी रीत मामाने मला स्वयंपाकघरात दाखवली, शाईची बाटली आणि बारीक तडे गेलेली एक कपबशी घेऊन. धातूचा भाग स्वच्छ करायचा, त्यावर लाल पातळ रंग लावायचा, मुरू द्यायचा आणि मग कोरडा होईतो पुसायचा. वरून पांढरी भुकटी फवारायची. भेग असेल तर आत शिरलेला रंग भुकटी ओढून घेते आणि पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते. ही रेघ एका माणसाने पाहायची आणि दुसऱ्याने पडताळायची. मग सही. मामीने कपबशी परत मागितली तेव्हा तिच्यावर अशा तीन रेघा होत्या.

धातूचा थकवा, रबराचं वय

लोखंडी तार एकदा वाकवली तर काही होत नाही. तीच पुढे-मागे वीसदा वाकवली तर तुटते, आणि तुटताना जोर तोच असतो, किंबहुना कमीच. लढाऊ विमान उडताना, वळताना, उतरताना त्याचा सांगाडा असाच वाकत असतो. मिग-२१ तर ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेग असताना जमिनीला टेकायची. लहानसा त्रिकोणी पंख, त्यामुळे हळू येणं तिला जमायचंच नाही. टेकताक्षणी शेपटीकडून ब्रेकचं पॅराशूट सुटायचं. ते धावपट्टीवरून गोळा करायचं, झटकायचं, वाळवायचं, तपासायचं आणि पुन्हा घडी घालून भरायचं, हे काम जमिनीवरच्यांचं. मामाचा हा विभाग नव्हता, पण माणसं कमी पडली की घडी घालायला सगळेच. आजही तो चादरीची घडी अशी घालतो की मामी हात लावत नाही.

थकवा कसा दगा देतो याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २ नोव्हेंबर २००७ रोजी मिसुरी राज्यावर सराव करताना एका एफ-१५ लढाऊ विमानाचा पुढचा भाग हवेत तुटून वेगळा झाला. वैमानिक कसाबसा वाचला. चौकशीत सापडलं ते असं : कॉकपिटजवळचा एक आधाराचा पट्टा मुळातच आराखड्यापेक्षा पातळ घडवला गेला होता. पंचवीसहून अधिक वर्षं तो भार सोसत राहिला आणि एके दिवशी सुटला. जगातल्या सगळ्यात श्रीमंत हवाई दलाला आपली एफ-१५ विमानं जमिनीवर बसवून एकेक तपासावी लागली.

धातू उडून थकतो. रबराला उडायचीही गरज नाही. तेलाच्या, इंधनाच्या, हायड्रॉलिकच्या वाटांवर असंख्य सील, रिंगा, वॉशर असतात. ते नुसते बसल्या जागी कडक होतात. तारांवरचं आवरण ठिसूळ होतं. म्हणून विमानाच्या आयुष्याला दोन घड्याळं असतात, एक तासांचं आणि एक वर्षांचं. पहिलं उड्डाणं थांबवून थांबवता येतं. दुसरं चालूच राहतं.

१९९६ साली १२५ मिग-२१ना नवं रूप द्यायचा करार झाला. त्यातून आलेलं विमान म्हणजे 'बायसन'. नवं रडार, नवी क्षेपणास्त्रं, वैमानिकाच्या हेल्मेटवरून नेम धरायची सोय. चाळीतल्या भिंती तशाच ठेवून आत नवं किचन, नवं वायरिंग करावं, तसं. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी विंग कमांडर अभिनंदन वर्धमान याच बायसनमधून पाकिस्तानी विमानांना भिडले. पण चाळीचं स्ट्रक्चरल ऑडिट निघालं की नवं किचन कामाला येत नाही, हे डोंबिवलीकरांना वेगळं सांगायला नको.

सुटे भाग आणि बदलता नकाशा

मिग-२१ घेतलं तेव्हा ते एका देशाकडून घेतलं होतं. १९९१ला तो देशच राहिला नाही. मिग-२१ची दोन आसनी प्रशिक्षण विमानं तिबलिसीला बनायची, ते शहर झालं स्वतंत्र जॉर्जियाची राजधानी. एएन-३२ मालवाहू विमानाचं घर कीव, ते युक्रेनमध्ये. पूर्वी मॉस्कोला एक पत्र गेलं की सगळीकडची चक्रं फिरायची. आता पत्रं वेगवेगळ्या राजधान्यांना, आणि त्या राजधान्यांचं आपसात जमत नाही. २००९ साली शंभराहून जास्त एएन-३२ सुधारून घ्यायचा करार युक्रेनशी झाला. त्यातली चाळीस तिकडे सुधारून आली, बाकीची कानपूरला करायची होती. २०१४ला क्रिमियाचं प्रकरण पेटलं आणि सुट्या भागांचे संच वाटेत अडकले. कानपूरच्या फिटरचा त्यात काय दोष?

कधी कुलूप मित्रच लावतो. १९९८च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले. नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं, जी कुलाब्याहून उडताना मुंबईकर पाहत आलेत, ती इंग्लंडची होती. पण त्यांचा मूळ आराखडा अमेरिकी. इंग्लंडला हवं असूनही अनेक भाग देता येईनात. गोव्याच्या दाबोळीला असलेल्या सी हॅरिअर जेट विमानांनाही त्याची झळ बसली. ती विमानं २०१६ला निवृत्त झाली, तोवर मूळ ताफ्यातली बरीचशी अपघातांत गेलेली होती.

जॅग्वारची गोष्ट तर थेट मामाच्या भंगारातल्या चेतकसारखी. इंग्लंड-फ्रान्सने मिळून केलेलं हे विमान आपण १९७९पासून वापरतो. फ्रान्सने २००५ला ते सोडलं, इंग्लंडने २००७ला, ओमानने २०१४ला. आता ते उडवणारे आपण एकटेच. म्हणून भारताने फ्रान्स, ओमान आणि इंग्लंडकडून त्यांची निवृत्त जॅग्वार मागून आणली, उडवायला नव्हे तर उघडायला. २०२५च्या मार्च, एप्रिल आणि जुलैत तीन जॅग्वार कोसळली.

इराणची तऱ्हा आणखी विलक्षण. शहांनी अमेरिकेकडून एफ-१४ घेतली, १९७९ला क्रांती झाली आणि विक्रेताच शत्रू झाला. २००६ला अमेरिकेने स्वतःची एफ-१४ निवृत्त केली, तेव्हा एखादा खिळाही इराणला पोचू नये म्हणून तिने ती तुकडे तुकडे करून भंगारात घातली.

आणि हे दुखणं फक्त म्हाताऱ्या विमानांचं नाही. महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, २०१५ला नोंदवलं की सुखोई-३०ची उपलब्धता ७५ टक्के अपेक्षित असताना ५५ ते ६० टक्केच होती. पुढच्या वर्षी गोव्यातल्या नौदलाच्या मिग-२९केबद्दल तर त्यांनी १५.९३ ते ३७.६३ टक्के असा आकडा दिला. म्हणजे दहा विमानांतली कधी दीड, कधी चार उडण्याजोगी. विमानं नवी होती. मागचा गोतावळा मात्र उभाच राहिला नव्हता.

त्यात आपल्याकडे जातीच इतक्या. २०२५पर्यंत हवाई दल एकाच वेळी सात प्रकारची लढाऊ विमानं चालवत होतं : सुखोई, मिग-२९, मिग-२१, जॅग्वार, मिराज, राफेल, तेजस. प्रत्येकाची हत्यारं वेगळी, तपासणीची यंत्रं वेगळी, पुस्तकं वेगळी, कुठे रशियन, कुठे फ्रेंच, कुठे इंग्रजी. एकाचा नट दुसऱ्याला चालत नाही, एकाचा फिटर दुसऱ्याला लगेच चालत नाही. हवाई सैनिकाची नेहमीची नोकरी वीस वर्षांची. मिग-२१ बासष्ट वर्षं सेवेत होती. फिटरांच्या तीन पिढ्या तिच्याखाली शिकल्या आणि घरी गेल्या. पुस्तकात नसलेलं ज्ञान, म्हणजे कोणता बोल्ट किती पिळला की हाताला कसं लागतं, ते हातातून हातातच जायला लागतं. एक पिढी मध्ये गळली की तो दुवा तुटला.

'उडती शवपेटी'

हा शब्द मामासमोर काढायची सोय नाही. तो टीव्ही बंद करतो.

आकडे मात्र बंद करता येत नाहीत. २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितलं की मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ अपघातांत गमावली. १७१ वैमानिक गेले, ३९ नागरिक गेले, इतर सेवांतले आठ जण गेले. ८ मे २०२३ रोजी राजस्थानात हनुमानगडजवळ मिग-२१ एका घरावर पडली आणि तीन बायका मेल्या. वैमानिक उडी मारून वाचला.

मामाचं म्हणणं वेगळं आहे आणि ते ऐकायला हवं. ही विमानं दशकानुदशकं उडत होती, सगळ्यात जास्त संख्येने उडत होती आणि सगळ्यात कोवळी पोरं ती उडवत होती. १९७१च्या १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर ज्यांनी मारा केला ती मिग-२१च. अपघाताचं प्रत्येक कारण वय हेच नसतं. १९८२ साली ला फाँतेन समितीने अपघातांचा अभ्यास करून सांगितलं होतं की वैमानिकांना मध्यम पातळीचं प्रगत प्रशिक्षण विमान द्या. तोवर पोरगा संथ विमानावरून थेट मिग-२१वर चढायचा, म्हणजे सायकलवरून उतरून थेट एसटी हातात. त्या प्रशिक्षण विमानाचा, हॉकचा, करार झाला २००४ला. शिफारस आणि सही यांच्यामध्ये बावीस वर्षं गेली.

त्या बावीस वर्षांतली एक तारीख १७ सप्टेंबर २००१. त्या दिवशी सुरतगडला मिग-२१च्या अपघातात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. वडील अनिल गाडगीळ स्वतः हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर. चूक वैमानिकाची, असं म्हणून विषय मिटवायला ते आणि आई कविता गाडगीळ तयार झाले नाहीत. त्यांनी विमानसुरक्षेचा प्रश्न जाहीरपणे लावून धरला. एका मराठी घराने देशाला विचारलेला प्रश्न साधा होता. सगळ्यात शेवटी सही करणाऱ्याकडेच सगळा दोष कसा जातो?

मामाकडे याचं उत्तर नाही. तो एवढंच म्हणतो की आमच्या एकाही सहीला कधी उशीर झाला नाही. पहाटे साडेचारचं उड्डाण असेल तर अडीचला आम्ही हजर.

न झालेल्या सह्या

उशीर कुठे झाला त्याच्या तारखा सगळ्यांना उपलब्ध आहेत. मिग-२१ची जागा घेणारं हलकं लढाऊ विमान, पुढे ज्याचं नाव तेजस पडलं, त्याला मंजुरी मिळाली १९८३ला. पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ला. पहिली स्क्वाड्रन १ जुलै २०१६ला. मध्ये तंत्रज्ञानाच्या अडचणी होत्या, १९९८चे निर्बंध होते, पैशाची ओढाताण होती. हे सगळं खरं आहे. दुसरीकडे १२६ मध्यम लढाऊ विमानांसाठी २००७ला निविदा निघाली, २०१२ला राफेलची निवड झाली, २०१५ला तो व्यवहारच सोडून दिला गेला आणि २०१६ला ३६ विमानं घ्यायचं ठरलं. तेजसच्या सुधारित ८३ विमानांची मागणी फेब्रुवारी २०२१ला नोंदवली. ती मार्च २०२४पासून यायची होती, पण अमेरिकी कंपनीकडून इंजिनंच वेळेवर आली नाहीत. त्या मागणीतलं पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ला.

दर वेळी नव्या विमानाची तारीख पुढे गेली की जुन्याची निवृत्ती पुढे ढकलली जायची. कागदावर ती 'मुदतवाढ' असायची. हँगरमध्ये तिचा अर्थ आणखी एक ओव्हरहॉल, आणखी एका सीलचा शोध, आणखी एका उभ्या विमानातून काढलेला पंप. जुनं विमान उडतं ठेवलं म्हणून आपण फिटरांचं कौतुक करतो, ते करायलाच हवं. पण खरं तर ते दुसऱ्याने थकवलेल्या कर्जाचं व्याज भरत होते. मुद्दल तसंच. मंजूर ४२ स्क्वाड्रन, आणि मिग-२१ गेल्यावर उरल्या २९.

सहीला झालेल्या उशिराची एक खूण आमच्या दाराशीही आहे. काटई-बदलापूर रस्त्याने नेवाळी नाक्याला गेलं की मलंगगडाच्या पार्श्वभूमीवर एक मोकळा पसारा दिसतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तिथे लष्करी धावपट्टी केली. त्यासाठी गावांच्या जमिनी घेतल्या. युद्ध संपलं, विमानं गेली, शेतकरी पुन्हा भात लावू लागले. सरकारदरबारी ती जमीन संरक्षण खात्याची, गावकऱ्यांच्या लेखी वाडवडिलांची. एक घाव दोन तुकडे कोणी केलंच नाही. नौदलाने कुंपणाची भिंत घालायला घेतली तेव्हा २२ जून २०१७ रोजी आंदोलन पेटलं, गाड्या जळल्या, माणसं जखमी झाली. दुरुस्ती असो की जमीन, वेळेवर न झालेली सही कुणाच्या तरी अंगावर फुटतेच.

ओझरला मात्र चक्र फिरलं आहे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथल्या नव्या जुळणी रांगेतून बाहेर आलेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात गेलं. मिग-२१ जिथे जन्मली तिथेच तिची वारसदार. आनंद आहेच. पण मामाने पहिला प्रश्न विचारला तो असा : "याच्या सुट्या भागांचं कोठार कुठे आहे?"

शुक्रवार, २६ सप्टेंबर २०२५

नवरात्रातला शुक्रवार होता. मिग-२१च्या निवृत्तीचा चंदीगडचा सोहळा टीव्हीवर पाहायला मी मामाकडे गेलो होतो. आदल्याच दिवशी आणखी ९७ तेजसचा करार झाल्याची बातमी होती, ६२,३७० कोटींची. मामीने उपासाची भगर केली होती. टीव्हीवर शेवटच्या मिग-२१ उडत आल्या. हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग स्वतः एका विमानात होते. जिथे १९६३ला पहिलं विमान उतरलं त्याच तळावर ती उतरली. दोन्ही बाजूंनी पाण्याच्या फवाऱ्यांची कमान झाली आणि इंजिनं एकेक करून बंद झाली. मामा काही बोलला नाही. इंजिन बंद होताना आवाज कसा उतरत जातो ते डोळे मिटून ऐकत होता.

मग हवाई दलप्रमुखांनी संरक्षणमंत्र्यांच्या हातात एक वही दिली. निवेदकाने नाव सांगितलं, मिग-२१चा फॉर्म ७००.

मामा खुर्चीत पुढे सरकला. बासष्ट वर्षं फिटरांच्या तेलकट बोटांखाली उलगडली गेलेली वही त्या माणसाच्या हातात होती, ज्याच्या खात्याकडे नव्या विमानांच्या फायली असतात. कॅमेरा लगेच दुसरीकडे वळला.

"उघडली का रे त्यांनी?" मामाने विचारलं.

"नाही दिसलं."

"शेवटच्या पानावर कोणाची सही असेल?"

मी गप्प राहिलो. मामीने भगरीची ताटली पुढे केली.

संध्याकाळी मला स्टेशनवर सोडायला तो खाली आला. चेतक कलती केली, दोन किका मारल्या. इंजिन लागलं, पण क्लचची केबल हाताशी सैल आली. मामाने मागच्या भिंतीकडच्या भंगारातल्या चेतककडे एक नजर टाकली. तिची केबल त्याने गेल्या वर्षीच काढली होती. मग स्कूटर स्टँडवर घेतली, डिकीतून वही काढली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि तारीख टाकून लिहिलं : क्लच केबल तुटली. सुटा भाग नाही. यू-एस. खाली सही केली, पेनचं टोपण लावलं आणि म्हणाला, "चल, रिक्षाने जाऊ."